जागतिक समुद्रपातळीचा वार्षिक चढउतार आणि पाण्याचे औष्णिक प्रसरण : वगळलेल्या आकड्यांचा ताळा

सागरमापक (धागाकर्ता)

जागतिक समुद्रपातळीचा आलेख छापला जातो तेव्हा तो बहुधा डावीकडून उजवीकडे चढत जाणारी एक रेघ असतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘हंगामी चढउतार वगळून’ अशी टीप असते. या धाग्याचा विषय ती टीपच आहे. वगळलेल्या भागात काय असते हे येथे मांडत आहे. तो भाग केवळ अडथळा म्हणून बाजूला टाकण्याजोगा नसून समुद्रपातळीच्या सगळ्या मोजमापाचा सर्वांत कडक ताळा त्यातूनच मिळतो, असे माझे मत आहे.

प्रथम वस्तुस्थिती. अमेरिका आणि फ्रान्स यांचा टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह ऑगस्ट १९९२ मध्ये सोडण्यात आला. त्यानंतर जेसन मालिकेतले तीन उपग्रह आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सोडलेला सेंटिनेल-६ मायकेल फ्रीलिक यांनी तेच काम पुढे चालवले. सुमारे १,३३६ किलोमीटर उंचीवरून रडारचा स्पंद खाली पाठवायचा, तो पाण्यावरून परत यायला किती वेळ लागला हे मोजायचे आणि त्यावरून पृष्ठभागाची उंची काढायची, अशी ही पद्धत आहे. ६६ अंश उत्तर ते ६६ अंश दक्षिण या पट्ट्यातील समुद्र दर दहा दिवसांनी पुन्हा मोजला जातो. एकेका मोजणीत काही सेंटीमीटरची चूक राहते, पण दहा दिवसांतील असंख्य मोजण्यांची सरासरी काढली की ती काही मिलिमीटरपर्यंत भरवशाची होते.

या सरासरीतून हंगामी भाग न वगळता पाहिले, तर जगाचा समुद्र मार्च-एप्रिलच्या सुमारास सर्वांत खाली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सर्वांत वर असतो. या दोन टोकांतला फरक साधारण ९ मिलिमीटर आहे. १९९३ पासूनची सरासरी वाढ वर्षाला ३.३ मिलिमीटरच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले तर दरवर्षी हिवाळ्याच्या सहा महिन्यांत जगाचा समुद्र खरोखरच उतरतो आणि पुढच्या सहा महिन्यांत उतरला त्याहून थोडा अधिक चढतो, असे म्हणावे लागते.

आता यातला पेच पाहा. समुद्र तापला की पाणी प्रसरण पावते आणि पातळी वाढते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मग समुद्रात उष्णतेचा साठा सर्वांत जास्त असतो त्या वेळी पातळीही सर्वांत वर असायला हवी. प्रत्यक्षात घडते ते नेमके उलटे. दक्षिण गोलार्धाचा सुमारे ८१ टक्के पृष्ठभाग पाण्याने व्यापलेला आहे आणि उत्तर गोलार्धाचा सुमारे ६१ टक्के, त्यामुळे जागतिक समुद्राच्या उष्णतेवर दक्षिणेकडच्या उन्हाळ्याचा पगडा असतो. शिवाय पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा जुलैच्या मानाने सुमारे ७ टक्के अधिक सौरऊर्जा मिळते. दक्षिणेतला सर्वांत मोठा दिवस डिसेंबरमध्ये असला तरी समुद्राची मिळकत खर्चापेक्षा जास्त आहे तोवर साठा वाढतच राहतो, जसा सूर्य डोक्यावर बाराला असला तरी उकाडा दोन-तीन वाजता कमाल होतो. म्हणून औष्णिक प्रसरणाचे शिखर मार्च-एप्रिलमध्ये येते, म्हणजे एकूण पातळी सर्वांत खाली असते नेमकी त्याच वेळी.

याचे उत्तर जमिनीवर आहे. उत्तर गोलार्धात हिवाळाभर सायबेरिया, कॅनडा आणि उत्तर युरोपात बर्फ साचत जातो, तो वितळेपर्यंत समुद्राला परत मिळत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला पाणीसाठाही एप्रिल-मेच्या सुमारास सर्वाधिक असतो. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये समुद्रातले पाणी जमिनीवर अडकलेले असते, आणि वसंत व उन्हाळ्यात ते नद्यांवाटे परत येऊन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये समुद्र सर्वांत ‘जड’ होतो. वस्तुमानाचा हा चढउतार मध्यापासून सुमारे साडेआठ मिलिमीटर वर आणि तेवढाच खाली असा आहे, तर प्रसरणाचा सुमारे ४ मिलिमीटर. दोघे एकमेकांविरुद्ध चालतात, त्यात वस्तुमान वरचढ ठरते आणि उपग्रहाला दिसतो तो दोघांच्या वजाबाकीतून उरलेला साडेचार मिलिमीटरचा चढउतार.

समुद्राचे क्षेत्रफळ सुमारे ३६.१ कोटी चौरस किलोमीटर आहे, त्यामुळे पातळी १ मिलिमीटरने बदलायची तर सुमारे ३६१ घन किलोमीटर पाणी लागते. वस्तुमानाचा चढउतार टोकापासून टोकापर्यंत १७ मिलिमीटर, म्हणजे दरवर्षी सहा हजार घन किलोमीटरच्या घरात पाणी समुद्रातून जमिनीवर जाते आणि परत येते.

गणिती

मांडणी आवडली, परंतु प्रसरणाचा आकडा मला फार लहान वाटतो. समशीतोष्ण पट्ट्यात समुद्राच्या वरच्या थराचे तापमान उन्हाळा-हिवाळ्यात कित्येक अंशांनी बदलते. शंभर मीटर जाडीचा थर एका अंशाने तापला तरी पातळी काही सेंटीमीटरने वाढायला हवी. मग ४ मिलिमीटर कसे?

सागरमापक

तुमचे गणित बरोबर आहे. २५ अंश सेल्सियसच्या समुद्रपाण्याचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.०००३ इतका आहे, म्हणून शंभर मीटरचा थर एका अंशाने तापला की ३ सेंटीमीटर वाढ होते. उत्तर आणि दक्षिण गोलार्ध वेगवेगळे घेतले तर प्रत्येकातला प्रसरणाचा चढउतार सेंटीमीटरांतच मोजावा लागतो. मात्र उत्तरेत चढ असतो तेव्हा दक्षिणेत उतार असतो. दोन मोठे आकडे एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात आणि गोलार्ध सारखे नसल्यामुळे जो हातचा राहतो तो ४ मिलिमीटर.

प्रसरणांक सर्वत्र सारखा नसतो, हीही गोष्ट या हिशेबात महत्त्वाची आहे. १० अंशांच्या पाण्यात तो सुमारे ०.०००१७ आणि शून्य अंशाच्या आसपास जेमतेम ०.००००५ असतो. म्हणजे तीच उष्णता विषुववृत्ताजवळच्या पाण्यात शिरली तर पातळी जितकी वाढेल, त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढीच ती ध्रुवाजवळच्या पाण्यात वाढेल. गोड्या पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते हे आपण पाठ केलेले असते, पण समुद्राच्या नेहमीच्या क्षारतेला तो नियम लागू पडत नाही. समुद्राचे पाणी गोठेपर्यंत आकुंचन पावतच राहते, फक्त अधिकाधिक नाखुशीने. त्यामुळे ‘समुद्रात अमुक उष्णता साठली, म्हणून पातळी तमुक वाढली’ असे थेट त्रैराशिक मांडता येत नाही, उष्णता कोठे साठली हेही विचारावे लागते.

दक्षिणवासी

मी वेलिंग्टनमध्ये राहतो. येथे समुद्र पोहण्याजोगा होतो तो फेब्रुवारीत, डिसेंबरच्या सुट्टीत पाण्यात पाय घातला तरी हुडहुडी भरते. वर जे साठ्याबद्दल लिहिले आहे ते अगदी पटले. विचारायचे एवढेच की, या काळात अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्रबर्फ वितळतो त्याचा हिशेब कोठे धरला आहे?

सागरमापक

तो धरावा लागत नाही. तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारत असतो, म्हणून तो वितळल्याने पातळीत जवळजवळ फरक पडत नाही. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्रबर्फ फेब्रुवारीत सुमारे ३० लाख आणि सप्टेंबरमध्ये सुमारे १ कोटी ८० लाख चौरस किलोमीटर असतो, इतकी प्रचंड उलथापालथ होऊनही या धाग्यातल्या हिशेबात तिची नोंद नाही. मोजायचा तो जमिनीवर साचलेला बर्फ.

बंदरकाठ

माझे आयुष्य रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेले आहे, म्हणून थोडी वेगळी शंका विचारतो. आमच्याकडे उधाणाच्या आणि भांगाच्या भरतीत जो फरक पडतो तोच हातभर असतो. मुंबईत महापालिका पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. या सगळ्यात तुमचे ९ मिलिमीटर कोणाला दिसणार? आणि जागतिक पातळी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर असते, तर ती आमच्या धक्क्यावरही तेव्हाच वर असते का?

सागरमापक

धक्क्यावर उभे राहून ते ९ मिलिमीटर कोणालाही दिसणार नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते थोडे सविस्तर द्यायला हवे, कारण जागतिक सरासरीचे वेळापत्रक कोणत्याही एका बंदराला लागू पडत नाही. १९५५ मध्ये जून पॅटुलो, वॉल्टर मंक, रॉजर रेव्हेल आणि एलिझाबेथ स्ट्राँग यांनी जगभरच्या भरतीमापकांच्या मासिक सरासऱ्या एकत्र करून हंगामी चढउताराचे चित्र उभे केले. त्यांना बहुतेक ठिकाणी असे दिसले की त्या त्या गोलार्धातल्या शरदात पातळी वर असते आणि वसंतात खाली. पण प्रत्येक प्रदेशात वारा, प्रवाह, हवेचा दाब आणि नद्यांचे पाणी यांमुळे हे चित्र बदलते, आणि आपला हिंदी महासागर तर या बदलांचे कोठारच आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, किनाऱ्याजवळचे पृष्ठजल आत समुद्रात ढकलले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. थंड पाण्याची घनता जास्त असते, त्यामुळे तेथे पातळी खाली जाते. नोव्हेंबरनंतर प्रवाह उलटून उत्तरेकडे वाहू लागतो, बंगालच्या उपसागरातले कमी खारे आणि उबदार पाणी श्रीलंकेला वळसा घालून येते आणि पातळी चढते. म्हणून कोचीला पावसाळ्यात समुद्राची सरासरी पातळी हिवाळ्यापेक्षा दहा-वीस सेंटीमीटरच्या घरात खाली असते. हा परिणाम केरळ-कर्नाटकात ठळक आहे आणि उत्तरेकडे यावे तसा क्षीण होत जातो. त्यातच हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने कमी झाला की पाणी सुमारे १ सेंटीमीटर वर येते. मुंबईत जुलैमधला दाब जानेवारीपेक्षा आठ-दहा हेक्टोपास्कलने कमी असतो, म्हणजे प्रवाहामुळे जे उतरते त्याचा काही भाग दाब भरून काढतो.

भरतीच्या तक्त्यांत यातला नियमित भाग आधीच धरलेला असतो. चंद्र-सूर्याच्या घटकांबरोबर वर्षाचा एक आणि सहा महिन्यांचा एक असे दोन घटक त्यात घातले जातात. नावाला ते सूर्याचे घटक, पण त्यांच्या मागे सूर्याच्या ओढीपेक्षा ऋतूंचाच हात असतो.

दोनापावला

वरच्या प्रतिसादाला पुस्ती जोडतो. बंगालच्या उपसागराचा उल्लेख आला आहे, तर उत्तर टोकाचे उदाहरण द्यायलाच हवे. गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघनेच्या मुखाजवळ समुद्राच्या मासिक सरासरीतला वार्षिक फरक मीटरभराच्या आसपास जातो आणि हा जगातल्या सर्वांत मोठ्या हंगामी फरकांपैकी एक मानला जातो. तेथे पावसाळ्यात नद्यांचे पाणी, नैऋत्येचा वारा आणि कमी दाब हे तिन्ही एकाच दिशेने काम करतात.

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी २००१ मध्ये याच्याशी संबंधित एक जुने कोडे उकलले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९०९ पर्यंत भारतभर जी उंचीची सर्वेक्षणे झाली, त्यांत विशाखापट्टणमजवळची सरासरी समुद्रपातळी मुंबईजवळच्या पातळीपेक्षा सुमारे ३० सेंटीमीटर वर आढळली होती. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दुर्बिणी आणि मोजपट्ट्या घेऊन जाताना चूक साठत गेली असावी, असा समज पुढे रूढ झाला. शंकर आणि शेट्ये यांनी पाण्याच्या तापमान-क्षारतेच्या नोंदींवरून दाखवले की हा फरक समुद्राच्या स्थितीशी जुळणारा आहे. उपसागराचे पाणी कमी खारे, म्हणून हलके, म्हणून त्याची पातळी वर. सर्वेक्षकांच्या मागच्या पिढ्यांवर घेतलेला आक्षेप शंभर वर्षांनी मागे घ्यावा लागला, याचे मला व्यक्तिशः फार समाधान आहे.

यावरून एक मुद्दा निघतो. स्थानिक पातळीला क्षारता फार महत्त्वाची असली तरी जागतिक सरासरीत तिचा वाटा नगण्य आहे, कारण समुद्रातले एकूण मीठ तेवढेच राहते, ते फक्त इकडून तिकडे जाते. म्हणून जागतिक चर्चेत घनतेमुळे होणारा बदल आणि औष्णिक प्रसरण हे जवळजवळ एकच मानले तरी चालते, विशाखापट्टणमच्या चर्चेत मात्र चालत नाही.

उत्तरा

मला एक मूलभूत प्रश्न पडला आहे. प्रसरण पाण्याच्या खोलीवर अवलंबून असते, आणि किनाऱ्याजवळ पाणी वीस-तीस मीटर खोल असते. तेवढ्याशा पाण्याचे प्रसरण ते किती होणार? मग समुद्र तापल्यामुळे किनाऱ्यावरील शहरांना धोका आहे, असे कसे म्हणतात?

सागरमापक

वीस मीटर खोलीचे पाणी एका अंशाने तापले तर ते फक्त ६ मिलिमीटर फुगेल, हे खरे आहे. पण बाहेरच्या खोल समुद्रात शेकडो मीटर जाडीचा थर तापून पृष्ठभाग वर आला की खोल समुद्र आणि उथळ किनारा यांच्यात उतार तयार होतो, आणि पाणी उतार फार काळ टिकू देत नाही. ते किनाऱ्याकडे सरकते. म्हणजे किनाऱ्यावर जी वाढ दिसते ती तेथल्या पाण्याच्या प्रसरणाची नसते, तर दूरवरच्या प्रसरणामुळे किनाऱ्याकडे ढकलल्या गेलेल्या जादा पाण्याची असते. समुद्रतळावर दाब मोजणारे उपकरण ठेवले तर उथळ जागी ते वस्तुमान वाढल्याचे दाखवील, जरी जगाच्या समुद्रात एक थेंबही नव्याने आलेला नसला तरी.

रोखठोक

सर्वांचे लिखाण अभ्यासपूर्ण आहे, हे मान्य करून एक अप्रिय प्रश्न विचारतो. तुम्ही म्हणता की उपग्रहाला साडेचार मिलिमीटर दिसतात, त्यातून प्रसरणाचे ४ बाजूला केले की वस्तुमानाचे साडेआठ निघतात. हे तर पाहिजे ते उत्तर काढण्यासाठी आकडे बसवण्यासारखे वाटते. दोन अज्ञात संख्यांची वजाबाकी माहीत असली म्हणजे दोन्ही संख्या माहीत झाल्या असे होत नाही. शिवाय २०१० ते २०११ या काळात जागतिक समुद्रपातळी सुमारे ५ मिलिमीटरने खाली गेली होती आणि ती हंगामी भाग वगळूनच. तेव्हा वाढ थांबली होती का?

सागरमापक

तुमच्या प्रश्नातच या धाग्याचा गाभा आहे. वजाबाकीवरून दोन्ही संख्या ठरवता येत नाहीत हे खरे, आणि म्हणूनच त्या दोन संख्या स्वतंत्रपणे मोजल्या जातात.

प्रसरणासाठी आर्गो ही व्यवस्था आहे. सुमारे चार हजार स्वयंचलित तरंगक जगभरच्या समुद्रांत सोडलेले आहेत. प्रत्येक तरंगक १,००० मीटर खोलीवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत खाली जाऊन वर येताना दाब, तापमान आणि क्षारता मोजतो आणि पृष्ठभागावर आला की ती नोंद उपग्रहामार्फत पाठवून पुन्हा बुडी मारतो. तीन हजार तरंगकांचा टप्पा २००७ मध्ये पूर्ण झाला. भारतीय तरंगकांचे आणि हिंदी महासागरातल्या नोंदींचे काम हैदराबादचे राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र पाहते. वस्तुमानासाठी मार्च २००२ मध्ये सोडलेली ग्रेस ही उपग्रहांची जोडी होती. एकामागून एक सुमारे २२० किलोमीटर अंतरावरून उडणाऱ्या या दोघांना ‘टॉम आणि जेरी’ म्हणत. खाली वस्तुमान जास्त असेल तेथे पुढचा उपग्रह आधी ओढला जातो, मागचा नंतर, आणि त्यामुळे दोघांतल्या अंतरात होणारा मायक्रोमीटरच्या पातळीवरचा बदल मोजून खालच्या पाण्याचे वजन काढले जाते. २०१८ पासून त्यांच्या जागी नवी जोडी काम करीत आहे.

आता पाहा, तीन यंत्रणा आणि तीन वेगळी भौतिक तत्त्वे. रडार उंची मोजते, तरंगक तापमान मोजतात, ग्रेस गुरुत्वाकर्षण मोजते. कोणालाही दुसऱ्याचा आकडा लागत नाही. डॉन चेंबर्स, जॉन वार आणि स्टीव्ह नेरेम यांनी २००४ मध्ये ग्रेसच्या पहिल्या नोंदी घेऊन तपासले, तेव्हा समुद्राच्या वस्तुमानाचा वार्षिक चढउतार ‘रडारची उंची वजा प्रसरण’ यातून येणाऱ्या आकड्याशी चांगला जुळला. ही परीक्षा हंगामी चढउतारावरच घेता आली, कारण दीर्घकालीन वाढ वर्षाला तीन-चार मिलिमीटर, तर हंगामी वस्तुमानाचा फरक सहा महिन्यांत १७ मिलिमीटर. दोन वर्षांच्या नोंदीत दीर्घकालीन वाढ तपासता येत नाही, ऋतू मात्र दरवर्षी नवा ताळा देऊन जातो. ज्याला आपण टीपेत ढकलतो, त्याच भागावर या उपकरणांचा भरवसा उभा आहे.

ताळा जुळला नाही तेव्हा काय झाले, हेही सांगतो. २००६ मध्ये जॉन लायमन, जोश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन यांनी प्रसिद्ध केले की २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा थर थंड झाला. तेव्हा रडार वाढ दाखवत होते आणि इतके थंड होऊनही पातळी वाढायची तर बर्फवितळीचे जेवढे पाणी लागले असते तेवढे दिसत नव्हते. शोध घेतल्यावर निष्पन्न झाले की अटलांटिकमधल्या काही तरंगकांच्या नोंदी चुकीच्या खोलीशी जोडल्या गेल्या होत्या, आणि जहाजांवरून टाकायच्या जुन्या तापमापकांच्या नोंदी प्रत्यक्षापेक्षा उबदार निघत असल्याने आधीची वर्षे खोटीच उष्ण दिसत होती. २००७ मध्ये त्याच लेखकांनी दुरुस्ती छापली आणि ते थंड होणे नाहीसे झाले. २०१६ नंतरही हिशेबात अशी फट पडली होती. तिचा मोठा भाग काही तरंगकांच्या क्षारतामापकांतल्या बिघाडाचा आणि जेसन-३ वरच्या, हवेतली वाफ मोजणाऱ्या उपकरणाच्या सरकत्या चुकीचा निघाला. आकडे जुळवून घेण्याचा धंदा असता तर या फटी कोणाला दिसल्याच नसत्या.

२०१०-११ बद्दल. वाढ थांबली नव्हती, पाणी जमिनीवर गेले होते. त्या वर्षी तीव्र ला निना (विषुववृत्तीय प्रशांत महासागराचा पृष्ठभाग नेहमीपेक्षा थंड राहण्याची स्थिती) होती आणि ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग व आग्नेय आशिया येथे विलक्षण पाऊस पडला. ग्रेसने ते पाणी तेथे प्रत्यक्ष पाहिले. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातले मोठे खोरे समुद्राला मिळतच नाही, ते आयर सरोवराकडे उतरते, त्यामुळे तिथले पाणी बाष्पीभवनाने उडून जाईपर्यंत अडकून राहिले. पुढच्या दोन वर्षांत पातळीने ते सगळे भरून काढले.

पाटबंधारे

जमिनीवर पाणी अडवल्याने समुद्र उतरतो, तर धरणांचे काय? आपल्याकडे दरवर्षी ऑक्टोबरपर्यंत धरणे भरतात आणि जूनपर्यंत रिकामी होतात. हाही हंगामी चढउतारच झाला.

सागरमापक

झाला, पण आकार पाहा. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे जवळजवळ ३ घन किलोमीटर. तिला ३६१ ने भागले तर समुद्रपातळीवर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापेक्षाही कमी परिणाम येतो. एक धरण दिसत नाही, मात्र जगभरची सगळी धरणे मिळून दिसतात. २००८ मध्ये बेंजामिन चाओ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या हिशेबानुसार विसाव्या शतकात बांधलेल्या धरणांनी सुमारे १०,८०० घन किलोमीटर पाणी अडवले आणि त्यामुळे समुद्रपातळी सुमारे ३० मिलिमीटरने कमी राहिली. उपशामुळे समुद्रात जाणारे भूजल या खात्याच्या दुसऱ्या बाजूला आहे.

तुमच्या निरीक्षणातला खरा रंजक भाग वेगळा आहे. आपला मान्सून जागतिक चक्राच्या उलट चालतो. गंगेच्या खोऱ्यात जमिनीवरचे पाणी सप्टेंबरच्या सुमारास सर्वाधिक असते, म्हणजे जगाचा समुद्र सर्वांत भरलेला असतो तेव्हाच आपण त्यातले काही धरून ठेवलेले असते. मान्सून नसता तर जागतिक वस्तुमानाचा हंगामी चढउतार आहे त्याहून मोठा दिसला असता.

गणिती

रोखठोक यांच्या प्रश्नाच्या निमित्ताने आणखी एक विचारतो. हंगामी प्रसरण दरवर्षी परत जाते, पण दीर्घकालीन वाढीत न परतणारे प्रसरण किती? आणि मोजणारे उपग्रह एकाच मालिकेचे असतील तर त्यांच्यातली समान चूक कशी पकडणार?

सागरमापक

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. वेगळ्या बनावटीचे उपग्रहही आहेत आणि त्यांतला एक आपला आहे. भारताची इस्रो आणि फ्रान्सची अंतराळ संस्था यांचा सरल हा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने सोडण्यात आला. त्यावरचे अल्टिका रडार इतरांपेक्षा अधिक वारंवारतेवर चालते आणि त्याची कक्षाही निराळी आहे. त्याशिवाय किनाऱ्यावरचे भरतीमापक आहेतच. मुंबईत अपोलो बंदरच्या नोंदी १८७८ पासून आहेत आणि आशियातल्या सर्वांत दीर्घ नोंदींत त्यांची गणना होते. भरतीमापक एका बिंदूवरच मोजतो, पण उपग्रह हळूहळू सरकत चालला असेल तर जगभरच्या भरतीमापकांशी तुलना केल्यावर ते उघडे पडते.

आता प्रसरणाचा वाटा. हवामानबदलाविषयीच्या आंतरसरकारी पॅनेलच्या सहाव्या अहवालानुसार १९७१ ते २०१८ या काळातल्या वाढीपैकी सुमारे ५० टक्के औष्णिक प्रसरणाची, सुमारे २२ टक्के हिमनद्यांची, सुमारे २० टक्के ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या हिमस्तरांची आणि उरलेली जमिनीवरच्या पाण्यातल्या बदलाची आहे. २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर झाला आणि त्यात प्रसरणाचा भाग सुमारे १.४ मिलिमीटर, म्हणजे प्रसरण घटले नाही, बर्फ त्याच्या पुढे गेला. २०२४ मध्ये मात्र हे प्रमाण उलटे झाले. नासाच्या विश्लेषणानुसार त्या वर्षी पातळी अपेक्षित ४.३ मिलिमीटरऐवजी ५.९ मिलिमीटरने वाढली आणि त्यात सुमारे दोन तृतीयांश वाटा प्रसरणाचा होता. २०२४ हे तोवरच्या नोंदींतले सर्वांत उष्ण वर्ष होते. एका वर्षाच्या आकड्यावरून कल ठरवू नये, हे २०१०-११ ला जितके लागू आहे तितकेच २०२४ लाही आहे.